‘वाढवा’ लिहिलेला स्टोव्ह

मी एक जुना वातीचा स्टोव्ह आहे, मित्रांनो, आणि खरं सांगू का, आता फार दमलो आहे. माझा एक पाय वाकला आहे. उतू गेलेल्या दुधाचे थर अंगावर असे चढलेत की माझा मूळचा निळा रंग मलाच आठवत नाही.

माझा जन्म १९८४ साली जळगावच्या एका कारखान्यात झाला. वस्तूंचे आकार ठरवणाऱ्या जीवराम नावाच्या तरुणाने मला आधी कागदावर काढलं. चावी कुठे, पाय केवढे, सगळं त्यानेच ठरवलं. चावीशेजारी त्याने एक बाण काढला आणि सुबक अक्षरांत लिहिलं, ‘वाढवा’. त्या बाणाचा त्याला भारी अभिमान होता. मलाही होता, नवा होतो ना.

जामनेरजवळच्या एका खेड्यात मी सुगंधाबाईंकडे आलो. चुलीच्या धुराने त्यांना बोलता बोलता धाप लागायची. धूर सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे मी त्या घरात टिकतो की नाही, यावर त्यांचा श्वास अवलंबून होता.

पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाक उरकला. बाईंनी ती अक्षरं नीट लावून वाचली आणि चावी बाणाकडे फिरवली. मी भपकन वर उठलो. वर वाळत टाकलेलं त्यांच्या यजमानांचं धोतर होरपळलं.

“म्हने शिकेल बाई,” यजमान तोतारामभाऊ धोतर झटकत म्हणाले. “शेजारची बेबाबाई अंगठाछाप, तिनं येऊन बराबर इझोला. उद्या जातो हा परत. चूलच बरी.”

बाईंना खोकल्याची उबळ आली होती.

तक्रार कारखान्यात पोचली आणि मला परत पाठवायच्या आतच जीवराम घरी आला. मला वाटलं, आता हा बाईंना शिकवणार. पण तो कोपऱ्यात मांडी घालून बसला.

“अक्का, त्या दिवशी केलं तस्सं करून दाखवा. मी मधे बोलणार नाही.”

चहा झाला. बाई भीत भीत चावी पुन्हा बाणाकडेच फिरवू लागल्या, तेव्हा मात्र त्याच्याने राहवलं नाही.

“हे कशासाठी फिरवता?”

“वाढवाले.”

“पण चहा तर झाला.”

“झाला म्हनून तं वाढवते, भाऊ. दिवा वाढोतो, दुकान वाढोतो, तसं. हे म्हनतात इझव. भरल्या घरात माह्या तोंडून ते अशुभ नही निघत. अन् तुम्हीच तं लिहेल हाय.”

जीवराम आपल्याच अक्षरांकडे बघत राहिला. “मी लिहिलं ज्योत मोठी करा म्हणून,” तो हळूच म्हणाला.

“मंग तसं लिहा ना,” तोतारामभाऊ दारातून म्हणाले. “माह्या धोतराले काय माहीत?”

सगळे हसले. जीवरामने तो शब्द खरवडून काढला, फार दुखलं मला. तिथे मोठी ज्योत, छोटी ज्योत आणि विझवण्यासाठी काळा ठिपका रंगवला. मग काहीही न सांगता त्याने मला शेजारून आलेल्या बेबाबाईंपुढे ठेवलं, सुगंधाबाईंपुढे ठेवलं आणि शेवटी तोतारामभाऊंपुढे. भाऊंनी मला पेटवलं, लहान केलं, वाढवलं म्हणजे बाईंच्या अर्थाने वाढवलं.

“राहू द्या घरात,” ते म्हणाले.

मी राहिलो. कारखान्यातल्या माझ्या भावंडांवरही पुढे ज्योतीच उमटल्या. बाईंची धाप हळूहळू कमी झाली. पाहुण्यांचा चहा, बाळंतिणीचं पाणी, कापूस वेचणाऱ्यांची खिचडी, मी सगळं उकळलं. मग घरात गॅस आला आणि मी माळ्यावर गेलो. सिलिंडर संपला की तेवढं खाली घेतात. काजळी धरली की म्हणतात, स्टोव्हच वाईट. वाकून कुणी बघत नाही.

मित्रांनो, कुणी एखादी वस्तू उलटी फिरवली तर त्याला लगेच अडाणी म्हणू नका. त्याला काय समजलं, ते आधी विचारा. आणि वस्तू बिघडली तर तिलाही तेवढाच वेळ द्या. काल गॅस संपला. माझ्या जळक्या वातींचा धूर घरभर झाला आणि म्हाताऱ्या सुगंधाबाई पुन्हा खोकल्या. तेवढं मला सोसवत नाही. कुणीतरी कात्री घ्या आणि माझ्या वातींची जळकी टोकं कापा, म्हणजे धूर थांबेल.