रुग्णवाहिकेचे मागचे दार

‘दारावरील रंग सुटला, कारण कामगाराने पत्रा निष्काळजीपणे घासला,’ असा चौकशी समितीचा निष्कर्ष आहे. निष्काळजीपणाला आकार नसतो, अशी आजवर समजूत होती. भांडुपच्या त्या कारखान्यात, १९८६ साली, रुग्णवाहिकेच्या मागच्या दारावर मात्र तो चार समान भुजांनी, काटकोनात वळत, मध्ये चार ठिपके देत उमटला. रंग सुटला तो नेमका स्वस्तिकाच्या रेषांवर. समितीने तो डोळ्यांनी पाहिला, आणि भूमितीत इतक्या पारंगत निष्काळजीपणाबद्दल भीमराजला नोकरीत कायम करू नये, अशी शिफारस केली.

भीमराजने ते दार दसऱ्याच्या आदल्या दिवशी घासले होते. हवेवर चालणारा सँडर त्याच्या हातात भुंग्यासारखा गुणगुणत होता. जुना हिरवा रंग धुके होऊन वर जाई, छपराच्या फटींतल्या उन्हात तरंगत राही, आणि खालून पत्रा असा उजळे, जणू तळ्यावरचे शेवाळ कुणी अलगद बाजूला सारत आहे. मधूनच तो डोळे मिटून तळवा फिरवी. तेव्हा कारखाना, रस्ता, सारे पाण्याखाली गेल्यासारखे निःशब्द होई.

“भीम्या, घासतोयस की झोपवतोयस रे त्याला?” रंगारी सहदेव ओरडला.

“हळू बोल ना. जागं होईल.”

थिनरने पत्रा लख्ख पुसून भीमराज घरी गेला. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. तो विहारात होता. कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. तिसऱ्या दिवशी सहदेवने त्या पत्र्यावर रंग मारला. तेव्हा पत्रा कोराच दिसत होता. महिनाभर ते पांढरे दार चांदण्यासारखे शांत राहिले; मग रंग सुटू लागला.

शिफारस आली त्या दुपारी भीमराजने सुपरवायझर जयवंतला दारापाशी नेले. सहदेवही मागोमाग आला.

“साहेब, डोळे मिटा. फक्त हात लावून बघा.”

“वाट लागायची ती लागली. आता कशाला उकरतोस?”

तरी जयवंतने डोळे मिटले. त्याचे बोट झोपेत चालल्यासारखे त्या रेषांवरून निघाले, प्रत्येक वळणावर योग्य बाजूला वळले. एकही ठिपका चुकला नाही. डोळे उघडले तेव्हा दोघेही त्याच्या बोटाकडे पाहत होते. तो म्हणाला,

“कुंकू तेलात कालवून मीच काढलं ते. मग फडक्याने पुसलं. लाल गेलं, मला वाटलं सगळं गेलं. समितीसमोर बोललो असतो तर पूजेला बोल लागला असता ना. तू तर पूजेला नव्हतासच, म्हणून तुझं नाव दिलं.”