एक खाच खाली

मी एक जुना हर्डल आहे. अडथळ्यांच्या शर्यतीत धावणाऱ्याच्या वाटेत उभा करतात ना, तो. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. नाहीतर तुमच्यापैकी एकाशीही माझी मैत्री नाही. तुम्ही माझ्याकडे धावत येता ते मला मागे टाकायला. येताना डोळे वटारता, गेल्यावर वळूनही बघत नाही, आणि पाय अडकला की शिव्या मला देता. अशा लोकांवर मी जीव टाकावा अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. वेल्डरने दोन लोखंडी पाय उभे केले, तळाला दोन आडव्या नळ्या जोडल्या आणि वर लाकडी दांडी बसवली. रंग वाळल्यावर त्याने मला अंगणात नेलं आणि दांडीवर सणसणीत लाथ मारली. मी पुढे कोसळलो. तो हसून म्हणाला, "झकास पडतोय!" माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कौतुक ते. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पुढे कळलं की हर्डलचं खरं काम उभं राहणं नाही, वेळेवर पडणं हे आहे.

माझी बनावट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावरूनच आहे. माझ्या पायांना खाचा आहेत. कळ दाबली की दांडी वर किंवा खाली सरकते, लहान-मोठ्या मुलांच्या मापाप्रमाणे. हे सगळ्यांना दिसतं. तळाच्या नळ्यांवर मात्र दोन लोखंडी वजनं आहेत, ती कुणाच्या नजरेत येत नाहीत. दांडी खाली घेतली की वजनं पायांकडे आणायची, वर नेली की लांब ढकलायची. तसं केलं तर धावणाऱ्याचा पाय लागताच मी बेताने पडतो. दांडी खाली घेऊन वजनं लांबच ठेवली तर मी जागचा हलत नाही, मग समोरचाच पडतो. वजनं जवळ ठेवून दांडी वर नेली तर मी फुंकरीनेही आडवा होतो, आणि त्या शर्यतीला काही अर्थ उरत नाही.

या शाळेच्या मैदानावर आलो तेव्हा माझा थाट होता. पांढरी दांडी, काळे पट्टे. आंतरशालेय स्पर्धेत पाहुण्यांनी माझ्यावर हात ठेवून फोटोसुद्धा काढला होता. पुढे शाळेची मैदानाची हौस फिटली. रखवालदार माझ्यावर ओले कपडे वाळत घालू लागला. मुलं सायकली टेकवायची, आणि एका दीडशहाण्याने कर्कटकाने माझ्या दांडीवर दोन नावांचा बदाम कोरला. त्या बदामातल्या दोघांचं पुढे जमलं नाही, याचा मला मनापासून आनंद झाला.

मग ती आली. काटकुळी पोरगी, लांबच लांब पाय, बसली की गुडघे कानापर्यंत. मुली तिला नाकतोडी म्हणायच्या, आणि ती म्हणणारीला धपाटा घालायची. तिलाही मी आवडत नव्हतो. सराव संपला की सगळ्या मुली हर्डल उचलून भिंतीशी नेत. ती मला फरफटत न्यायची. पण धावायची मात्र अशी की शत्रू असूनही मला बघत राहावं लागे. माझ्यावरून ती उडी मारत नसे, नुसती पुढे निघून जात असे.

तिला एका कॉलेजात जायचं होतं. मार्क बेताचे, त्यामुळे खेळाडूंसाठीच्या जागेतून प्रवेश मिळाला तरच. त्यासाठी प्रत्येकाने स्वतःची ओळख करून देणारा आणि धावून दाखवणारा व्हिडिओ पाठवायचा होता. प्रवेश नाही मिळाला तर तिने बाबांच्या फोटो स्टुडिओत बसायचं, असं घरी ठरलेलं. लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग कॉम्प्युटरवर पुसत बसणं तिला जिवावर येत होतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या बाबांनाही ती तिथे नको होती. ते मैदानावरच तिला ओरडून म्हणाले होते, "माझ्यासारखी जन्मभर लोकांच्या लग्नात उभी राहणार आहेस का?" पण काळजीची गोष्टही भांडणाच्या सुरात सांगायची, अशी त्या दोघांची रीतच होती.

व्हिडिओ बाबाच काढणार होते. तीन पायांचा स्टँड, दोन दिवे, चांदीसारखा चमकणारा पुठ्ठा, सगळं घेऊन आले. त्यांनी आम्हा तिघा हर्डलना ओळीत लावलं. मी मधला, कॅमेऱ्याच्या समोरचा. आधी ओळखीचं भाषण झालं. ते बाबांनीच लिहिलेलं. "अडथळे मला आवडतात, कारण ते मला घडवतात," असं ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली, ते कुणाला तरी दम दिल्यासारखं.

"जरा हस की! प्रवेश मागतेयस, उधारी नाही."

"मला नाही येत खोटं हसायला."

"मग बस स्टुडिओत!"

तेवढ्यात खेळाचे सर आले. बाबांनी त्यांना सांगितलं, दांडी एक खाच खाली घेऊ या, म्हणजे पोरगी तरंगल्यासारखी दिसेल. सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हे लग्नाचं शूटिंग नाही. माप म्हणजे माप."

"आणि तुमच्या मापाने आजवर किती मुलं गेली हो कॉलेजात?"

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. "करा काय करायचंय ते. माझं नाव कुठे घेऊ नका," असं म्हणून तरातरा निघून गेले. मोठी माणसं रागावली की जागा सोडतात. हर्डलला ती सोय नाही.

बाबांनी कळ दाबली आणि माझी दांडी एक खाच खाली आणली. बाकीच्या दोघांचीही. पोरगी कमरेवर हात ठेवून बघत होती. तिने एकदाच म्हटलं, "बाबा, नको ना." ते म्हणाले, "तू गप्प राहा, यातलं तुला काही कळत नाही." बस. त्या वाक्याने तिचं तोंड शिवलं गेलं. वजनं सरकवायला हवीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तिने माझ्या तळाकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि मान फिरवून धावायच्या जागेवर गेली. इतक्या खालच्या दांडीला आपला पाय लागणारच नाही, असंही तिला वाटलं असेल. पण मी तिचा चेहरा जवळून पाहिला आहे. तो आधी रागाचा होता, हिशेबाचा नंतर.

पहिल्यांदा ती सुरेख गेली. दुसऱ्यांदाही. पण बाबांना कधी उजेड पसंत पडेना, कधी मागून जाणारा कुत्रा. "अजून एकदा. दांडीला घासून जा, म्हणजे छान दिसेल." ती पुन्हा परत जायची, पुन्हा यायची. पाय जड झाले, श्वास फुलला, तरी दोघांपैकी एकानेही पुरे म्हटलं नाही. आधी कोण म्हणणार, एवढंच राहिलं होतं.

शेवटच्या खेपेला तिचा मागचा गुडघा माझ्या दांडीवर आदळला. मी पडायला हवं होतं. मी सगळा जोर लावला, मित्रांनो, पण ती दोन वजनं मला जमिनीला धरून बसली होती. मी नुसता थरथरलो. ती माझ्यावरून गरकन फिरली आणि तोंडावर आपटली. गुडघ्याची कातडी दांडीला चिकटून राहिली. ती मी पावसाने धुऊन जाईपर्यंत अंगावर वागवली. मला ती पोरगी आवडत नव्हती, हे मी आधीच सांगितलं आहे. तरीही ते वागवणं मला जड गेलं.

बाबा धावत आले. तिला उचलण्याआधी त्यांनी मला लाथ घातली. "भंगार साला!" तेव्हाही मी हललो नाही, आणि ते पाय धरून खाली बसले. ती रडत होती, पण ते बघून रडता रडता तिला हसू फुटलं. ते हसणं चांगलं नव्हतं.

आधीच्या चांगल्या खेपा जोडून बाबांनी व्हिडिओ पाठवून दिला. सरांनी आम्हा तिघांना लहान मुलांच्या सरावासाठी सगळ्यात खालच्या खाचेवर लावलं, वजनं जवळ आणली. बरेच दिवस चिल्ल्यापिल्ल्यांनी आम्हाला तुडवलं. नाकतोडी लंगडत यायची, कडेने हळूहळू चालायची, मग पळायला लागली. बाप-लेक मैदानावर एकत्र दिसेनासे झाले.

आणि एके दिवशी कॉलेजच्या मॅडम स्वतः आल्या. केस आखूड, आवाज करडा. व्हिडिओ बघून काही मुलांना त्या शाळेत जाऊन पारखत होत्या. सर स्पर्धेला गेले होते, म्हणून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून हजर होते, पोरगी शेजारी. मॅडमनी हातातला मोबाइल तिच्यापुढे धरला.

"यात दांडी कुठल्या मापाला होती?"

"बरोबर मापालाच, मॅडम," बाबा म्हणाले. "कॅमेऱ्याच्या कोनामुळे जरा…"

"मी तिला विचारलं."

मैदानावर चिटपाखरूही नव्हतं. एका शब्दावर तिचं कॉलेज होतं, हे मलाही कळत होतं. बाबा तिच्याकडे अशा विनवणीने बघत होते, जशी विनवणी त्यांनी कधी कुणाला केली नसेल.

"एक खाच खाली होती," ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "आणि अडथळे आवडतात म्हणालीस, ते तरी खरं?"

"नाही. ते बाबांनी लिहिलंय. मला हे हर्डल डोळ्यांसमोर नको वाटतात."

माझ्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच खरं बोललं होतं. मला तिच्याबद्दल आदर वाटला, आणि त्याचा रागही आला.

"मग धावतेस कशाला?"

"ओलांडून गेल्यावर बरं वाटतं म्हणून."

मॅडम तिच्या गुडघ्यावरचा व्रण बघत होत्या. "हे कशाने?" तिने मान हलवून माझ्याकडे दाखवलं. त्या म्हणाल्या, "दांडी खाली घेतली आणि वजनं सरकवली नाहीत. असंच ना?"

"कसली वजनं?" बाबांनी विचारलं.

मॅडमनी बुटाच्या टोकाने माझ्या तळाला स्पर्श केला. बाबा वाकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला खालपर्यंत पाहिलं. मग ते लेकीकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं होतं का?"

मित्रांनो, मी आयुष्यभर लाथा खाल्ल्या आहेत, पण अशी बसलेली पाहिली नव्हती. बाबा उकिडवेच राहिले. मॅडमना त्यांची दया आली असं वाटलं नाही.

"तुम्हीच खाली घेतलीत ना? आता तुम्हीच वर लावा. ती धावेल, मी बघते. नाही जमलं तर मला अजून दोन शाळांत जायचंय."

पोरगी धावायच्या जागेवर जाऊन उभी राहिली. बाबांनी माझी दांडी वर घेतली, पुढच्या खाचेत, मग तिच्याही पुढच्या. कळ खटकन बसली. त्यांनी वजनांना हात लावला, एक थोडं पुढे केलं, एक मागे, आणि थांबले. चुकून जास्त झालं तर काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचे हात घामेजले होते. माझं लोखंड ओलं झालं. मला वाटलं, आता हा माणूस अंदाजाने लावून मोकळा होईल, कारण अशा माणसांना विचारणं म्हणजे नाक कापून दिल्यासारखं वाटतं.

त्यांनी मान वर केली आणि मोठ्याने विचारलं, "कुठवर सरकवू गं?"

 ती तिथूनच ओरडली, "लांब! पायांपासून लांब. अजून. दोन्ही सारखी."

"एवढी?"

"हां. आता सोडा."

त्यांनी उरलेल्या दोघांनाही तसंच लावलं, दर वेळी तिच्याकडे बघून. मग ते बाजूला झाले. स्टँड नाही, दिवा नाही, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

ती सुटली. पहिला तिने सहज ओलांडला. माझ्यापाशी येताना त्या गुडघ्याला जुनी भीती आठवली असावी. तो जरासा उशिरा वर आला आणि माझ्या दांडीला लागला. मी पडलो. अगदी वेल्डरच्या अंगणात पडलो होतो तसा, पुढे, सरळ. तिची चाल एका पावलापुरती अडखळली, पण ती थांबली नाही. तिसरा ओलांडून ती शेवटच्या रेषेपर्यंत गेली. मी मातीत तोंड घालून तिची पावलं ऐकत होतो.

मॅडम म्हणाल्या, "मागचा पाय ढिला आहे. सुरुवात संथ आहे. माझ्याकडे लाड होत नाहीत."

"इथेही झाले नाहीत," ती धापा टाकत म्हणाली.

"सोमवारी मूळ कागद घेऊन ये. तो व्हिडिओ मी पाहिलेला नाही."

बाबांना ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते लेकीकडे गेले नाहीत, तिनेही त्यांच्याकडे धाव घेतली नाही. त्यांनी येऊन मला उचललं, उभं केलं आणि दांडीवरची माती शर्टाच्या बाहीने पुसली. पोरगी बाटलीतलं पाणी पीत त्यांच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने ती बाटली त्यांच्यापुढे धरली. जाताना मला भिंतीशी नेलं ते दोघांनी मिळून, उचलून.

ती आता कॉलेजात आहे. मला विसरली असेल, आणि विसरावंच. मी अजून इथेच आहे. माझी एक नळी गंजली आहे, बदाम तसाच आहे. मित्रांनो, तुमचं प्रेम मला नको. माझ्यावर कपडे वाळत घाला, सायकली टेकवा, ओलांडताना शिव्याही द्या. पण माझी उंची बदललीत तर वजनंही बदला. आणि ती कुठवर सरकवायची हे कळत नसेल तर अंदाज करू नका. ज्याला माझ्यावरून जायचं आहे, त्याला विचारा.