ओवलेल्या सुया

मास्तर परदेशी निघाले त्या दिवशी बायकोने दारातच अट घातली होती. "रोज फोनवर एक चांगली गोष्ट सांगायची. रडगाणं ऐकायला मी फोन उचलणार नाही." मास्तरांनी हसत मान डोलावली. निघायच्या घाईत माणूस कशालाही हो म्हणतो. त्या होकाराला आता साडेतीन वर्षं झाली होती.

मास्तर म्हणजे शिंपी. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात कपड्यांची कोठी होती, तिथे ते हातशिलाई करत. वेटरांच्या कोटांची बटणं, पडद्यांची दुमड, अभ्र्यांची उसवलेली टोकं. मशीनवर दुसरे दोघे बसत. खिडकी नव्हती. बाहेर पाऊस आहे की नाही, हे आत येणाऱ्यांच्या बुटांवरून कळायचं. अशा जागी बसून हा गृहस्थ रोज एक चांगली गोष्ट शोधायचा!

पहिल्या वर्षी ते जमलं. नळाला गरम पाणी, पलंगाला जाड गादी, सगळंच नवं होतं. दुसऱ्या वर्षी ओढाताण सुरू झाली आणि तिसऱ्या वर्षी गाडी 'आज चहा बरा होता' वर आली. त्यातून बायको पक्की. ती प्रत्येक गोष्ट स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवायची.

"चहा मागच्या महिन्यात झालाय," ती म्हणायची. "दुसरं सांगा."

एक गोष्ट मात्र मास्तरांनी दडवली होती. त्यांची नजर चालली होती. इथल्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाला, डोळ्यांत थेंब घाला आणि उरलेली सांभाळा. शिवणीचं काही अडत नव्हतं, तीस वर्षांच्या सवयीने बोटं आपली आपण चालत. अडायचं ते सुईच्या नेढ्यापाशी. चष्मा बदलून झाला, सुई ओवायची तार आणून झाली, पण तारेलाही नेढं सापडेना. सुपरवायझर बाईंना कळलं तर हातात परतीचं तिकीट पडणार, हे नक्की होतं. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण संपायला अजून सहा महिने होते. तेवढे सहा महिने कसेही काढायचे, एवढंच मास्तरांनी ठरवलं होतं.

ते दिवस निघत होते खोलीत सोबत राहणाऱ्या, हॉटेलातल्याच आचाऱ्यामुळे. हा आचारी म्हणजे जन्माचा तक्रारखोर. गादी टोचते, भाकरीचं पीठ जुनं, देश थंड, माणसं त्याहून थंड. मास्तरांच्या रोजच्या चांगल्या गोष्टीला तो 'बुलेटिन' म्हणायचा.

"आज काय बुलेटिन, मास्तर? छत पडलं नाही?"

पण रोज सकाळी कामावर जाण्याआधी हाच माणूस पलंगावर मांडी घालून बसायचा आणि मास्तरांना वीस सुया ओवून द्यायचा. पांढऱ्या दोऱ्याच्या दहा, काळ्याच्या सहा, निळ्याच्या चार. ओवताना बडबड चालूच. "माझे हात काय मसाल्याला कमी पडतात म्हणून हा उद्योग?" मास्तर त्या सुया कोटाच्या आतल्या बाजूला ओळीने टोचून ठेवत. एकदा सुपरवायझर बाईंनी त्या पाहिल्या आणि 'याला म्हणतात तयारी' असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. मास्तरांनी घाईने कोट मिटला. पण त्या दिवशी कॅलेंडरात 'बाईंनी कौतुक केलं' अशी नोंद झाली.

मग हॉटेलने एक भटारखाना बंद केला आणि आचाऱ्याला आठ दिवसांत घरी जायला सांगितलं. आता सुया कोण ओवणार? मशीनवरच्या दोघांच्या पोटात काही राहत नसे. दुसरं कोणाला विचारणार?

"माझ्या जाण्याचं नाही, सुयांचं वाईट वाटतंय तुम्हाला," आचारी बॅग भरताना म्हणाला.

"दोन्हीचं," मास्तर म्हणाले. खोटं बोलण्याइतकंही बळ नव्हतं.

"तुम्ही झोपा आता. मला निरोपाबिरोपाची सवय नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर उठले तर पलीकडची गादी गुंडाळलेली. उशाशी बिस्किटांचा डबा होता. आत घडी घातलेला जाड टॉवेल, आणि त्याच्या प्रत्येक घडीत ओळीने सुया. सगळ्या ओवलेल्या. दोरे लांब सोडून टोकाला गाठी मारलेल्या. मास्तरांनी बोटांनी मोजल्या. बरोबर दोनशे. या रडतोंड्या माणसाने आठ दिवस कधी बसून हे केलं असेल? मास्तर टॉवेल छातीशी धरून रडले.

दुपारच्या सुट्टीत त्यांनी जिन्याखाली उभं राहून घरी फोन लावला.

"हं, सांगा," बायको म्हणाली. "पेन घेतलंय."

साडेतीन वर्षांत इतकी चांगली गोष्ट त्यांच्याकडे आली नव्हती. ती सांगितल्यावाचून त्यांना राहवलं नाही. टॉवेल, घड्या, लांब दोरे, गाठी, सगळं भडाभडा सांगून टाकलं. दोनशेचा आकडा तर दोनदा सांगितला.



"सुया दुसऱ्याने का ओवायच्या?" तिने विचारलं.

 काय बोलून बसलो, ते आता मास्तरांच्या ध्यानात आलं.

"तुमच्या आईंच्या सुया मी ओवत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन वर्षांत त्यांना माझं तोंडही दिसेनासं झालं. अहो, किती दिवसांपासून?"

"वर्ष झालं."

"रोज किती लागतात?"

"वीस."

"म्हणजे दहा दिवस," ती म्हणाली. "दहा दिवसांनी घरी यायचं. पोरीचं मी बघते. ती नर्स होईल नाहीतर नाही होणार, पण तिला बघायला तुम्हाला डोळे पाहिजेत."

फोन ठेवला गेला. त्या दिवशीची गोष्ट तिने लिहिली की नाही, हे मास्तरांना विचारवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते दोऱ्याच्या बाबतीत कंजूष झाले. टाके लांब घातले, बटणाला चार फेऱ्यांऐवजी दोन घेतल्या, दोरा बोटभर उरेपर्यंत सुई सोडली नाही. साध्या पडद्यांची दुमड मशीनवाल्यांच्या गळ्यात घातली. दुपारी त्यांनी फोन लावला. तिने उचलला, पण 'सांगा' म्हणाली नाही.

"आज चांगलं झालं," मास्तरच म्हणाले. "आठच सुया लागल्या."

पलीकडून पेन खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग ती रडू लागली.