मंजुळावहिनीचा जबाब

कुंदनचा पॅरोलचा अर्ज नामंजूर झाला हे आम्हाला त्याच्याच तोंडून कळलं. तुरुंगातून घरी फोन करायची त्याची पाळी होती. फोन मीच उचलला. माझा मोठा भाऊ नामदेव, म्हणजे कुंदनचा बाप, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला, आणि मंजुळावहिनीला समोर माणूस दिसल्याशिवाय बोलायला सुचत नाही.

"काका, नाय म्हणतात," तो म्हणाला.

"नाय म्हणजे? कशासाठी नाय?"

"पोलीस अहवाल प्रतिकूल हाय, एवढाच लिवलाय."

"त्यात काय हाय पण?"

"ते सांगत नाय. आपल्या गावातनं काय तरी वाईट गेलाय माझ्याबद्दल. मी विचारला तर बोलले, तो कागद साहेबासाठी हाय, तुझ्यासाठी नाय." मग म्हणाला, "बाबा कसा हाय?"

"हाय," मी म्हणालो.

दुसरं काय सांगणार? बोईसरच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, दुसरा झटका आला तर हा माणूस राहणार नाही. नामदेवदादाची वाचा गेली होती. उजवी बाजू गेली होती. तरी दाराशी कुणाची चाहूल लागली की तो मान वळवायचा, आणि येणारा कुंदन नाही हे दिसलं की पुन्हा आढ्याकडे बघायचा. आम्हाला एवढंच हवं होतं, की दादाला माणूस ओळखू येतो तोवर पोरगा एकदा डोळ्यांसमोर यावा.

कुंदनने गुन्हा केला होता, हे आम्ही कधी नाकारलं नाही. बंदरावर जाळं लावायच्या जागेवरून भांडण झालं, त्यात त्याने वल्हं उचललं आणि रखमाबायचा पोरगा स्वराज गेला. आमच्याच पाड्यातला, कुंदनच्याच वयाचा. कुंदनला जन्मठेप झाली. कोर्टात तो खाली मान घालून उभा राहिला होता. पण शिक्षा भोगणाऱ्यालाही आजारी बापासाठी घरी येता येतं, तसा नियम आहे, आणि त्याआधी दोनदा रजेवर येऊन तो वेळेत परत गेला होता.

मग प्रतिकूल काय होतं? पाड्यात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वहिनीला वाटलं, रखमाबायने काही सांगितलं असेल. पाण्याच्या नळावर ती रखमाबायच्या मागे उभी राहीनाशी झाली. हंडा घेऊन लांबच्या नळावर जायची. मी जामीन राहणार होतो, तर माझ्यावरही कुणीकुणी संशय घेतला.

पालघरला किंजल नावाची तरुण वकील होती, गरिबांची कामं सरकारतर्फे करणारी. मी तिच्याकडे गेलो. तिने हायकोर्टात अर्ज टाकला, आणि तिथे सरकारला तो अहवाल जोडावा लागला. मग ती स्वतः चिंचणीला आमच्या घरी आली, आणि ओटीवर बसून तिने तो वाचून दाखवला.

"'कैद्याच्या आईचा जबाब घेतला. तिच्या सांगण्यानुसार कैदी हा भांगेच्या अमलाखाली घरात पडून असतो व कोणाशी बोलत नाही. उधाण आल्यावर तो कोणाचेही ऐकत नाही व निघून जातो. सबब तो फरार होण्याची दाट शक्यता आहे.'"

किंजलने कागद खाली केला. "काकू, कुंदन नशा करतो?"

मला आधी हसूच आलं. समुद्राचं पाणी जेव्हा मंद असतं, ओढ नसते, त्या दिवसांना आम्ही भांग म्हणतो. तेव्हा जाळ्यात काही मिळत नाही, होड्या किनाऱ्यावर असतात, माणसं घरात झोपा काढतात आणि जाळी शिवतात. उधाण आलं, पाण्याला ओढ आली, की मग घरात कुणी थांबत नाही. वहिनीने पोलिसाला आपला पोरगा किती कामसू आणि गरीब स्वभावाचा ते सांगितलं होतं. 'भांगावर असला का घरातच पडून असतो, कोणाशी काय बोलत पण नाय. उधाण आला का मग कोणाच्या बापाचा ऐकत नाय, निघाला.' मी तिथेच बसलो होतो, मलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. जबाब लिहिणारा हवालदार नागोराव नांदेडकडचा, नुकताच बदलून आलेला. त्याने जे ऐकलं ते आपल्या परीने शुद्ध करून लिहिलं.

मी हसत हसत किंजलला हे सांगितलं आणि वहिनीकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "माझ्याच तोंडानं."

"वयनी, तुझा काय दोष हाय त्यात?"

"मी रखमेला शिव्या दिल्या मनातल्या मनात. आणि केला मीच."

किंजल तिच्याजवळ सरकली. "काकू, ऐकण्यात चूक कुणाचीही होते. पण हा कागद कुंदनला दाखवला असता, तर पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं असतं ना, भांग म्हणजे काय ते? दाखवलाच नाही, हा खरा गुन्हा आहे. तुमच्या बोलण्यात गुन्हा नाही."

वहिनीने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. त्या दिवसापासून ती परक्या माणसाशी बोलेनाशी झाली. मासळी विकायला बसायची तेव्हाही भाव बोटांनी दाखवायची. गिऱ्हाइकं विचारायची, "मावशी, घसा बसला काय?" ती मान हलवायची.

तारखेला मी किंजलबरोबर हायकोर्टात गेलो. मागच्या बाकावर बसलो. किंजलने भांगाचा अर्थ समजावायला सुरुवात केली, तर सरकारी वकील म्हणाले, हे आता सोयीने सांगितलं जातंय. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी दोघांनाही थांबवलं.

"भांग म्हणजे काय, हे मी इथे बसून ठरवणार नाही. मला एवढंच सांगा, ज्याच्याबद्दल हे लिहिलं, त्याला हे दाखवलं होतं का?"

सरकारी वकिलांनी कागद चाळले. "नाही."

"नकाराचं कारण त्याला कळवलं?"

"अहवाल प्रतिकूल आहे, असं कळवलं."

"ते कारण झालं का? प्रतिकूल काय, हे कळल्याशिवाय तो उत्तर कशाला देणार? भिंतीला?"

नामंजुरीचा हुकूम त्यांनी रद्द केला. नव्याने चौकशी करा, अहवालाची प्रत कैद्याला द्या, त्याचं म्हणणं ऐका, आणि मग लवकर निर्णय घ्या, असं सांगितलं. मी बाहेर येऊन किंजलला विचारलं, "म्हणजे सुटला?"

"नाही काका. म्हणजे आता त्याला विचारतील."

मला ते अपुरं वाटलं. दादाचा एक डोळा आता नीट उघडत नव्हता.

चार-पाच दिवसांनी नागोराव पुन्हा आला. टोपी काढून ओटीवर बसला. वाईट माणूस नव्हता तो. मला म्हणाला, "काका, आमच्याकडं समुद्र कुठला? भांग म्हटलं की आम्हाला शिवरात्रच आठवती. साहेबानं लई झापलं." मग वहिनीकडे वळला. "आई, आता मी लिहितो तसं वाचून दाखवतो. मग पोराला पण पाठवायचंय. बोला तुम्ही."

वहिनीने पदर तोंडाला लावला आणि मला खूण केली, तू बोल.

"काकांचा जबाब वेगळा घेतो. आईचा आईनंच द्यायचा."

"मी नाय बोलत," वहिनी पदराआडून म्हणाली. "मी बोलते एक, तुमी लिवता एक."

"या वेळेला नाही होणार तसं."

"पोरगा चांगला हाय बोलले तर वाईट लिवला. आता काय बोलू? वाईट हाय बोलू?"

नागोरावची लेखणी तशीच हातात राहिली. आतून दादाचा घरघर आवाज येत होता. वहिनी बराच वेळ त्या आवाजाकडे कान देऊन बसली, आणि मग तिने पदर खाली घेतला.

"बाप वाट बघतो."

"आणि?"

"आणि काय नाय. हाच लिव."

त्याने ते लिहिलं. मोठ्याने वाचलं. वहिनीने अंगठा दिला.

मग तो रखमाबायकडे गेला, आणि जामीन म्हणून मलाही बरोबर जावं लागलं. मेलेल्याच्या घरच्यांचं म्हणणं घ्यावंच लागतं. पहिल्या वेळी रखमाबाय मुलीकडे मासवणला होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती दारात बोंबील वाळत घालत बसली होती. नागोरावने विचारलं, कुंदन काही दिवस घरी आला तर तुमची हरकत आहे का.

रखमाबायने हातातलं काम थांबवलं नाही. "आज बरा आठवला मला विचारायला."

"विचारतोय ना आता, मावशी."

"नामदेवानं माझ्या स्वराजला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय," ती म्हणाली. "त्याचा पोरगा त्याला बघून जाऊ दे. माझी ना नाय." मग तिने प्रथमच माझ्याकडे बघितलं. "पण नरहरी, त्याला सांग, माझ्या दारावरनं जायचा नाय. येताना नाय, जाताना नाय. त्याची सावली मला माझ्या अंगणात नको."

नागोरावने विचारलं, "हे असंच लिहू?"

"मी बोलले तसाच लिव. गोड करू नको."

ते सगळं कुंदनला तुरुंगात वाचून दाखवलं. त्याचं उत्तर घेतलं. रखमाबायची अट मान्य आहे, एवढंच त्याने सांगितलं. या वेळी हुकूम आला तो मंजुरीचा.

बोईसरहून तो रिक्षाने आला. पाड्यात शिरायची मोठी वाट रखमाबायच्या दारावरूनच जाते, म्हणून तो बंदराशीच उतरला आणि होड्यांच्या मागून, वाळूतून चालत आला. केस पिकले होते. मी पुढे गेलो तर माझ्या पाया पडला, आणि चपला हातात घेऊन मागच्या दाराने घरात शिरला.

दादाने चाहुलीने मान वळवली. आणि तशीच ठेवली.

वहिनीने पोराच्या तोंडावरून हात फिरवला. कुंदन बापाजवळ खाली बसला. त्याच्या गालावरचे खुंट चाचपून म्हणाला, "आये, याची दाढी कोण करतो?"

"काका करतो तुझा. कापतो जागोजाग."

कुंदनने पाणी मागितलं. बापाचं डोकं मांडीवर घेतलं, साबण लावला आणि गालावरची कातडी ताणून हळूहळू वस्तरा फिरवायला लागला. माझ्या हाताखाली दादा नेहमी डोळे घट्ट मिटून घ्यायचा. त्या दिवशी त्याने डोळे मिटले नाहीत. जो नीट उघडत नव्हता, तो डोळाही त्याने पोराच्या तोंडावरून हलवला नाही.