पांढऱ्या तांदळाची शिसारी

मी उखळ बोलतोय. पूर्वेकडच्या बेटांवर, बातांगास प्रांतातल्या डोंगराखाली मालिग नावाची वस्ती होती, तिथला. 'होती' म्हणालो ते मुद्दाम.

मोलावेच्या बुंध्यातून मला कोरलं एलादियोच्या आज्याने. लाकूड इतकं टणक की त्याच्या दोन कुऱ्हाडी मोडल्या. घरात सून आली की पहिली साळ माझ्यात कांडायची, अशी त्या घरची रीत. एलादियोची बायको सेवेरा आली तेव्हा सोळा वर्षांची होती. पहिलाच घाव माझ्या काठावर बसला आणि सासू तोमासा म्हणाली, "अगं, साळ कांडतेस की साप मारतेस?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो.

तेव्हा राज्य स्पेनवाल्यांचं होतं. एलादियो त्यांच्याशी लढला. मग अमेरिकेची जहाजं आली. "तुम्हाला सोडवायला आलो," म्हणाली. एलादियोने आनंदाने टोपी हवेत उडवली. आणि थोड्याच दिवसांत कळलं की स्पेनने आम्हाला त्यांनाच विकून टाकलंय. गाय विकताना दावं बरोबर देतात ना, तसं. गाईला कुणी विचारलं नाही.

तोमासाच्या भावाचा मुलगा फाउस्तो. आधी तो पाद्र्याकडे कारकून होता, आता गोऱ्या साहेबाचा दुभाष्या झाला. एके दिवशी तोमासाने त्याला धरलं.

"का रे, एवढा समुद्र ओलांडून आलेत, यांना आमचं हवंय तरी काय?"

"आत्या, चीनच्या बाजारात माल विकायचा तर वाटेत बोटी थांबवायला जागा लागते. शिवाय आपली साखर आहे, दोरखंडाचा वाख आहे. आणि म्हणतात, या लोकांना माणसात आणायचंय."

"माणसात? मग इतकी वर्षं मी पंगतीला डुकरं बसवली होती का? तूही त्याच पंगतीत जेवलास हो."

फाउस्तो खाली मान घालून गेला. एलादियो डोंगरात गेला, लढायला. सेवेराला मुलगी झाली. तिनाय.

तिनाय चार महिन्यांची असताना हुकूम निघाला. नाताळच्या आत सगळ्यांनी मोठ्या गावाभोवती आखलेल्या हद्दीत राहायला यायचं. हद्दीबाहेर जे राहील ते शत्रूचं. धान्य असो, घर असो, माणूस असो. डोंगरातल्यांना खायला मिळू नये म्हणून ही युक्ती. लढणारा हाताला लागत नाही, तर त्याच्या लेकराचं ताट ओढा! मी लाकूड आहे, पण मला सुद्धा हे कळतं की ही मर्दुमकी नव्हे.

आमच्या दारात साहेब आला, बरोबर शिपाई आणि फाउस्तो. साहेबाने काहीतरी विचारलं. फाउस्तोने आमच्या भाषेत केलं, "तांदूळ आहे का घरात?"

सेवेरा म्हणाली, "नाही. एक दाणा नाही."

खरंच नव्हता. तुमच्यासारखंच आमच्याकडेही आहे. शेतातून येते ती साळ, कांडली की तांदूळ, शिजला की भात. तांदूळ कुणी साठवत नाही. रोज लागेल तेवढी साळ कांडायची. शिपायांनी घराखालची कणगी उपसली. साळ निघाली.

"खोटारडी!" साहेब ओरडला.

फाउस्तोचा चेहरा उतरला. "साहेब, ही साळ आहे. मी तिला तांदूळ विचारला. आमच्यात शब्द वेगळे..."

"ते सगळं एकच."

त्यांच्या भाषेत तिन्हींना एकच शब्द. ज्याला आमच्या जेवणाची नावं माहीत नाहीत, तो आम्हाला माणसात आणणार! अंगणात ढीग घालून त्यांनी साळ पेटवली. जळक्या साळीचा तो वास मला अजून येतो. एक शिपाई तंबाखू चघळत उभा होता. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्यात पचकन थुंकला. ज्यात लेकराचं अन्न कांडतात, त्यात. मला ओकारी येत नाही, नाहीतर तेव्हा आली असती.

सेवेराने मला तीनदा घासलं. रेडा आधीच साथीत मेला होता, म्हणून सासू-सुनेने मला आडवं करून गडगडवत हद्दीत नेलं. तिनाय सेवेराच्या पाठीशी बांधलेली. वाटेत शेजारीण रुफिनाही आपलं उखळ ढकलत होती.

"काय गं तोमासा, कांडणार काय? दगड?"

"तुझी जीभ कांडीन आधी. चल, हात लाव."

हद्दीत सरकारी तांदूळ मिळायचा. परदेशातून आलेला, गिरणीत घासून घासून दातासारखा पांढरा केलेला. माझं कामच संपलं. पोरीबाळी म्हणायच्या, किती छान, कांडायला नको. महिनाभर सेवेराने तोच भात खाल्ला आणि तिनायला पाजलं. मग तिचे पाय सुजले. तिनाय दूध ओकायला लागली. आणि एके दिवशी तिनाय रडली, तर आवाजच नाही. तोंड उघडं, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, आणि घशातून नुसती हवा.

अशीच पोरं रोज जात होती. रुफिनाचा मुलगा तसाच गेला. साहेबांचा डॉक्टर म्हणाला, "या बायका घाणेरड्या, म्हणून मरतात पोरं." सेवेराने तिनायला दिवसातून चारदा धुतलं. धुऊन काय होणार?

तोमासा शिपायांच्या डुकरांकडे बघत बसली होती. एकदम म्हणाली, "सेवेरा, ती डुकरं कोंडा खातात, ती बघ कशी तुकतुकीत. आणि आपण पांढरं खाऊन सुजलो. मालिगला आपण कोंड्यासकट खायचो. मला साळ पाहिजे."

हद्द ओलांडली की गोळी. दुपारी पहारेकरी पेंगत असताना सेवेरा मालिगला गेली. तिनायला सासूच्या मांडीवर टाकून गेली, आणि जाताना तीनदा मागे वळली. जळलेल्या ढिगाच्या पोटात थोडी साळ शाबूत होती. ती ओच्यात घालून ती परत आली.

आता धोका माझाच. कांडलं की माझा आवाज दूरवर जातो. हद्दीत साळ कुठून आली, असं कुणी विचारलं की सेवेरा संपली. मुसळ हातात धरून ती नुसती उभी. वर उचलायचा धीर होईना.

रुफिना आली. तिने ओच्यातली साळ पाहिली, तिनायचं उघडं तोंड पाहिलं. आठच दिवसांपूर्वी तिने स्वतःचा मुलगा पुरला होता. "तू कांड गं," ती म्हणाली. "आम्ही वारा कांडतो."

तिने आपल्या रिकाम्या उखळात मुसळ घातलं. धप्. पलीकडच्या झोपडीतून दुसरं. मग तिसरं. बघता बघता सगळ्या हद्दीत रिकामी उखळं दणाणायला लागली.

साहेब धावत आला. "हे काय चाललंय?"

"नवस आहे, साहेब," फाउस्तो म्हणाला. या वेळी त्याने शब्द बरोबर निवडला. "रिकाम्या उखळाचा."

साहेबाने तीन उखळांत डोकावून पाहिलं. रिकामी. "वेडे लोक," म्हणून तो हसला आणि गेला.

सेवेराने न पाखडता पेज केली. स्वतः प्यायली, बोट बुडवून तिनायला चाटवली. पुन्हा दोनदा हद्द ओलांडली. तिसऱ्या दिवशी तिनायने टाहो फोडला. तोमासा रडत म्हणाली, "रड गं बाई, रड! गाव गोळा कर!"

एलादियो परत आला नाही. लढाई संपली, पण मालिगला परत कुणी राहायला गेलं नाही. उखळ पांढरं झालं ते साखरवाल्यांचं, गिरणीवाल्यांचं, बोटवाल्यांचं. माझं नव्हे. शाळा निघाली, तीही त्यांच्या भाषेत. पुस्तकात लिहिलं होतं की ते आम्हाला वर उचलायला आले. तिनाय ते घडाघडा वाचायची. सेवेरा ऐकायची आणि उठून जायची. हद्दीतले दिवस तिने लेकीला कधी सांगितले नाहीत. घशाशी आलेलं गिळून टाकलं. मला वाटतं, तिची एवढी एकच चूक. गेल्या वर्षी ती गेली, तोमासा तर केव्हाच गेली.

आता घर तिनायचं आहे. हातकांडीचा भात तिला गावंढळ वाटतो. ती दुकानातून गिरणीचा पांढरा आणते आणि अभिमानाने शिजवते. मी डुकराच्या गोठ्याशी पडून आहे. गिरणीचा कोंडा माझ्यात ओततात, डुक्कर तोंड घालतं. मला त्याची किळस नाही. किळस कशाची आहे ते सांगून झालं.

तिनायला मुलगा झालाय, तीन महिन्यांचा. परवापासून तो दूध ओकतोय. आणि आज सकाळी ती शेजारणीला कौतुकाने म्हणाली, "किती शहाणं गं माझं बाळ, आता रडतसुद्धा नाही."

पोरी, तो रडतोय. जवळ जाऊन त्याचं तोंड बघ. मला जीभ नाही, आणि ज्यांना होती त्या दोघी मातीत आहेत. कोंडा तुझ्या डुकरापुढे पडलाय. ऊठ.