कपाटामागची वीण

"उंदीर तुमच्या चिंध्यांवर पोसलेत, जाऊबाई! माझ्या कोंबड्यांच्या नावाने खडे फोडू नका!"

धाकटी अंगणातूनच कडाडली. थोरली आपल्या पायरीवर उभी होती. तिच्या हातात शाळेच्या गणवेशाचा आकाशी शर्ट होता. काल संध्याकाळीच बटणं लावून, घडी घालून ठेवलेला. आज त्याच्या पाठीला करंगळी जाईल एवढं भोक.

"चिंध्या खाऊन उंदीर जगतो होय गं? कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं उघडं टाकून झोपतेस तू. पंगत बसते तुझ्याकडे आणि हात पुसायला येतात माझ्याकडे!"

"मग मांजर पाळा."

"शेजारचा बोका आहे की. तुझा आवाज ऐकून तोही फिरकत नाही."

धाकटीने दार आपटलं. दोघींमध्ये बोलणं व्हायचं ते असंच, नाहीतर नाहीच.

सख्ख्या भावांच्या बायका, एकाच घराच्या दोन भागांत राहणाऱ्या. थोरलीचा नवरा आधीच गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब. तिच्याजवळ राहिलं ते शिवणयंत्र आणि जीभ. दोन्ही चालती होती. मग धाकटा दीरही अचानक गेला, बसल्या जागी. भरल्या घरात, माणसांसमोर धाकटी थोरलीकडे बोट करून म्हणाली होती, "ह्यांच्या जिभेने गेला माझा माणूस." थोरली उठली. आपल्या खोलीत आली, मधल्या दाराला कडी घातली आणि जड कपाट ढकलत ढकलत दारापुढे आणून लावलं. पलीकडूनही कपाट सरकल्याचा आवाज आला. त्यानंतर ते दार कुणी पाहिलं नव्हतं.

थोरलीने सापळा आणला आणि खोलीच्या मधोमध मांडला. त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तक्रार घेऊन ती दुकानात गेली तर दुकानदार हसला. "काकू, उंदीर चौकात येत नाही. त्याला अंगाला भिंत लागते. कडेला लावा."

घरी येऊन तिने भिंतीच्या कडेने पीठ भुरभुरलं. सकाळी पिठावर इवल्या पावलांच्या रांगा, आणि सगळ्या कपाटाखाली गेलेल्या. तिथे भिंतीवर तेलकट काळा पट्टाही उठला होता, रोज अंग घासून जाणाऱ्यांचा. तिने सापळा तिथे लावला. उंदीर सापडला. शेपटीला धरून तो तिने धाकटीच्या पायरीवर नेऊन ठेवला.

"घे, तुझे पाहुणे!"

दुपारी तोच उंदीर थोरलीच्या पायरीवर परत आला.

पण सापळ्यात एक जायचा आणि दोन नवे यायचे. शर्ट कुरतडले जातच होते. शेवटी शाळेच्या मास्तरांनी भोकं पडलेले शर्ट परत पाठवले आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे बघू, असा निरोप दिला. त्या दिवशी थोरलीने कपाट बाजूला ओढलं आणि मधल्या दारावर थाप मारली.

"तुझं कपाट हलव. दोन्हीकडून बघितल्याशिवाय हे संपायचं नाही."

"तुम्ही माझ्या घरात पाय ठेवणार?"

"पाय कशाला ठेवू? आपापल्या बाजूला उभ्या राहू."

पलीकडे कपाट पुढे ओढल्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, "माझ्या पिठाच्या डब्यात लेंड्या निघाल्यात. म्हणून उघडतेय. तुमच्यासाठी नाही."

दार करकरत उघडलं. उंबऱ्याच्या कोपऱ्यात पेन्सिल जाईल एवढीच फट होती. त्या फटीसमोरच धाकटीच्या कपाटाची मागची फळी खालून कुरतडलेली. धाकटीने पुढून खालचा खण उपसून जमिनीवर ठेवला. आत घरटं होतं. आकाशी कापडाचे तुकडे, त्यात भरपूर राखाडी लोकर, आणि मधोमध डोळे न उघडलेली गुलाबी पिल्लं वळवळत होती.

लोकर थोरलीने उंबऱ्यापलीकडूनच ओळखली. दिराला नवी नोकरी लागली तेव्हा तिने स्वेटर विणला होता. कोपरं झिजेपर्यंत तो अंगावरून काढायचा नाही. स्वेटर अजून या घरात असेल असं तिच्या मनातही नव्हतं. आता त्याचं अर्धं पोट नाहीसं झालं होतं.

धाकटीने स्वेटर वर उचलला. भोकातून तिचा हात आरपार दिसत होता. तिने तो बाजूला ठेवला, खण जसाच्या तसा बादलीत उलटा केला आणि बादली घेऊन बाहेर गेली. परत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"सिमेंट आणलंय का नुसत्याच उभ्या आहात?"

थोरलीने तारेची घासणी फटीत ठासून भरली. धाकटीने आपल्या बाजूने सिमेंट लिंपलं. दोघींची डोकी हातभर अंतरावर होती, पण वर कुणीच पाहिलं नाही.

"पाठ शाबूत आहे," थोरली म्हणाली. "पोट उसवून नवं विणून देते. तसली लोकर मिळते अजून."

"तुमच्या हातचं काही नको मला." धाकटीने बोटांनी सिमेंट गुळगुळीत केलं. "तुम्हीच विणला होता, माहीत आहे मला. तरी ठेवला होता."

तिने दार लावलं. कडी पडली, मग कपाट सरकलं.

पोतं झाकणाच्या पिंपात गेलं, चिंध्या डब्यात गेल्या. उंदीर संपले. भांडायचं कारणही संपलं, तेव्हा दोघी एकमेकींशी एवढंही बोलेनाशा झाल्या.

एका दुपारी थोरली वाळलेले कपडे काढायला अंगणात आली. दोघींची दोरी एकच होती, अर्धी अर्धी. धाकटीच्या अर्ध्यावर तो स्वेटर धुऊन वाळत घातलेला होता, दोन्ही खांदे चिमट्यांत, फाटलेलं पोट उघडं. थोरली थोडी थांबली. मग तिने आपला एकेक चिमटा सावकाश सोडवला, दोरी हलणार नाही अशा बेताने, आणि कपडे छातीशी धरून आत गेली.