अर्ध्या बोटाचा नमस्कार

माझं बॅनरचं दुकान करी रोडला, आमच्या चाळीच्याच तळमजल्यावर. वाढदिवस असो, नियुक्ती असो, दहीहंडी असो, नाहीतर कुणाची आदरांजली. फोटो मोबाइलवर पाठवा, संध्याकाळी फ्लेक्स घेऊन जा. आता गिऱ्हाईक फोटो कसला पाठवतं? लग्नाच्या पंगतीतला, नाहीतर आधार कार्डावरचा. आणि भाऊंना तर पाहिजे असतं सुटाबुटात, हात जोडून उभं राहायला. मग आम्ही काय करतो, डोकं त्याचं घेतो आणि तयार धडावर बसवतो. नाक्यानाक्यावर जे दादा आणि साहेब तुम्हाला नमस्कार करताना दिसतात ना, त्यातल्या निम्म्यांचं मानेखालचं काहीच त्यांचं नसतं.

ही धडं येतात एकमेकांकडून. लालबाग, परळ, करी रोडच्या आम्हा डिझायनरांचा 'फ्लेक्सबंधू' नावाचा ग्रुप आहे. कुणी फेटा टाकतो, कुणी फुलांची चौकट, कुणी नवीन अक्षरं. सगळं फुकट. नियम एकच, आधी स्वतःचं काहीतरी टाकायचं, मग दुसऱ्याचं उचलायचं. मला हे तेव्हाही आवडायचं आणि आजही आवडतं, खोटं कशाला बोलू? चार हात लागले की काम चांगलं होतं. पण मी जे टाकलं ते माझं नव्हतंच.

अकरा वर्षं झाली. ग्रुपात नुकताच शिरलो होतो आणि टाकायला माझ्याकडे ढेकूळ नव्हतं. चौदा एप्रिलची सकाळ. आमच्या मजल्यावरचे बुधाजीकाका मिरवणुकीसाठी तयार होऊन जिन्यापाशी उभे होते. गिरणी गेल्यावर काकांनी वॉचमनची नोकरी केली, आणि अख्ख्या आयुष्यात सूट शिवला तो एकच. निळा, आत जाकीट घातलेला. तो बाहेर निघायचा फक्त जयंतीला, एरवी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर.

"काका, फोटो काढू?"

"काढ की. पण नीट काढ हां, माझी मान तिरकी येते."

त्यांनी हात जोडले, "जय भीम" म्हणाले आणि मी बटण दाबलं. त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. तरुणपणी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर काम करताना गेलं होतं. चाळीतल्या पोरांना ते अर्धं बोट नाचवून हसवायचे.

फोटो झकास आला. त्याच दुपारी मी काकांना मानेवर कापलं, मागची चाळ पुसली आणि 'नमस्कार, निळा सूट' असं नाव देऊन ग्रुपात सोडून दिलं. अंगठ्यांवर अंगठे आले. 'भारी रे भावा!' मी हवेत. मूळ फोटो? कार्डात जागा नव्हती, उडवून टाकला. काका दोनदा दुकानात डोकावले. "विकास, माझा फोटो धुऊन आला का रे?" देतो काका, देतो. तिसऱ्यांदा ते आले नाहीत.

तो सूट मात्र सगळीकडे गेला. एका वर्षी ट्रेंड पांढऱ्याचा, सूट पांढरा झाला. मग जाकिटांचा जमाना आला, कुणी तो भगवा केला, कुणी हिरवा. सोनेरी अक्षरं आली, मागे ढग आले, किरणं आली. धड तेच. अर्धं बोट कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. बॅनर बघतं कोण, माणसं डोकं बघून पुढे जातात. मी बघायचो. पहिलं वर्षभर नजर चुकवून पुढे जायचो, मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. त्यांची मुलगी दीपिका बँकेत आहे, ती दुकानात आली. "दादा, तू जयंतीला काढलेला बाबांचा फोटो असेल ना? त्यांचा सुटातला तेवढा एकच."

"हार्ड डिस्क उडाली गं," मी म्हटलं.

शेवटी गिरणीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आदरांजलीचा बॅनर केला. शर्टाची कॉलर विरलेली, डोळे बारीक. मीराकाकी, काकांची बायको, बॅनरकडे बघून म्हणाली, "सुटातला असता तर बरं झालं असतं. सुटात ते स्वतःलाच फार आवडायचे." सूट माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होता हो. काकांचं डोकं काकांच्याच धडावर लावता आलं असतं. गावभर लावलं, तिथे लावायची हिंमत झाली नाही.

मग गेल्या निवडणुकीत जिकडे तिकडे होर्डिंगं लागली. एका सकाळी काकी भाजीची पिशवी घेऊन तशीच दुकानात शिरली. धाप लागलेली.

"विकास, तुझ्या काकांचा हात बघितला मी. परळ नाक्यावर. हात जोडून उभे आहेत, बोट पण तेच."

 आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "भास गं काकी. माणूस गेलं की होतं असं."

बास, त्या एका वाक्याने वाट लावली. काकी रोज जायला लागली. आज परळ, उद्या लालबाग, परवा भारतमाता टॉकीजपाशी. होर्डिंगखाली उभी राहायची आणि वर बघून आपणही हात जोडायची. लोक हसायचे. एकदा तशीच मागे मागे सरकत रस्त्यात आली, टॅक्सीवाल्याने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचली. दीपिका घाबरली. डॉक्टर झाले, भासांवरच्या गोळ्या चालू झाल्या. आमची काकी, जी अख्ख्या मजल्याचे पापड एकटी लाटायची, ती दिवसभर भिंतीला टेकून पेंगायला लागली.

दीपिका मला म्हणाली, "दादा, तू त्याच धंद्यातला. तूच समजव ना तिला, तुझं ऐकेल ती."

आणि मी समजावलं! त्यांच्या घरी बसून, त्यांचा चहा पिऊन समजावलं, की काकी, हे सगळं कॉम्प्युटरवर बनवलेलं असतं, यात खरं माणूस नसतं. काकी मान हलवत होती आणि मी बशीत चहा ओतत होतो. 

खरं सांगून मोकळं व्हायचं सोडून मी आणखी एक शहाणपणा केला. आता नवीन सोय आली आहे, फोटोतली जागा दाखवायची आणि काय पाहिजे ते लिहायचं. मी लिहिलं, बोट पूर्ण कर. गिरणीने पन्नास वर्षांपूर्वी नेलेलं बोट दोन सेकंदांत परत आलं, नखासकट. ती फाइल ग्रुपात टाकली, 'सुधारित, एकदम एचडी, जुनी काढून टाका.' आमच्या भागात बॅनरवाले असून असून किती? निवडणुकीनंतर अभिनंदनाचे नवे बॅनर लागले तेव्हा अर्धं बोट सगळीकडून गेलं होतं. मला वाटलं, सुटलो.

त्या रविवारी काकी जिन्याचा कठडा धरत खाली आली आणि दुकानातल्या स्टुलावर बसली.

"दिसत नाही रे आता."

"काय?"

"तुझे काका. नाक्यापर्यंत जाऊन आले आत्ता. हात तसेच जोडलेत, सूट तसाच, पण बोट पूर्ण आहे. म्हणजे ते नव्हतेच. तू सांगत होतास तेच खरं." तिने पदराने डोळे पुसले. "औषध लागू पडलं म्हणायचं. दीपिका खूश होईल. पण विकास, गोळ्या घेतल्याच नसत्या तर? निदान दिसत तरी होते."

मला बसवेना. दुकानाचं शटर ओढून घ्यावं आणि आत मरून पडावं असं वाटलं. मी जुनी फाइल उघडली आणि स्क्रीन तिच्याकडे फिरवली.

"काकी, तू वेडी नाहीस. ते काकाच होते. मी लावले होते ते सगळीकडे."

सगळं सांगितलं. फोटो, ग्रुप, हार्ड डिस्कची थाप, बोट. ती कानाखाली आवाज काढेल म्हणून गाल तयार ठेवला होता. तिने हात उचलला, पण तो स्क्रीनपाशी नेला आणि अर्ध्या बोटावर आपलं बोट ठेवलं. मग जाकिटाच्या खालच्या बटणावर.

"हे बटण मी लावलेलं. निळा दोरा संपला होता, काळ्याने शिवलं. कुणाला कळायचं नाही म्हणाले होते ते."

मग ती उठली, दारात गेली आणि वर तोंड करून ओरडली, "दीपिका! खाली ये! त्या गोळ्या घेऊन ये!" कित्येक आठवड्यांनी तिचा तसा आवाज ऐकला. दीपिका धावत आली, हातात गोळ्यांची पाकिटं. तिच्यासमोर मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "तू आमच्याकडे चहा प्यायला होतास ना रे त्या दिवशी?"  पाकिटं तिने माझ्या टेबलावर ठेवली.

काकी स्टूल ओढून पुन्हा स्क्रीनसमोर बसली. चेहरा हलका झाला होता तिचा, किती दिवसांनी.

"जाऊ दे गं दीपिका, फोटो तर आहे. विकास, तो ओळखपत्रावरचा काढून टाकू, हा मोठा करून दे. घरात लावू." ती वाकून बघायला लागली. "जरा खाली घे ना रे, वर अडकलंय. चेहरा दिसत नाही."

"काकी, चेहरा नाहीये."

"नाहीये म्हणजे? तूच काढलास ना फोटो? डोकं कुठे ठेवलंस त्यांचं?"

दीपिकाने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं.

"ठेवलं नाही काकी," मी म्हटलं. "त्याच दिवशी टाकून दिलं."

काकीला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती अजून स्क्रीनच्या वरच्या कडेकडे बघत होती, मी खाली घेईन म्हणून.